कथा ज्येष्ठांची, रंगमंच शहराचा : आदिवासी संगीतनाट्याची ओळख

हडपसर - शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू झाला, की कार्यक्रमपत्रिकेत एखादे 'आदिवासी नृत्य' हमखास असते. कमरेला पाने, चेहऱ्यावर पांढरे ठिपके आणि ध्वनिमुद्रित संगीत एवढ्यावर ते साजरे होते. टाळ्याही मिळतात. मात्र त्या ठेक्यामागे एखादी कथा असते, ती पाठ असणारी वृद्ध माणसे असतात आणि ती केव्हा, कोणी, कशी सांगावी याचे संकेतही असतात, हे फारसे कोणाच्या गावी नसते. ज्येष्ठांच्या मुखातील कथा संगीतनाट्याच्या रूपात कशी येते, याची महाराष्ट्रातील परंपरा मोठी आहे.

थाळीवरची कथा
पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतील वारली व कोकणा समाजांत कथागायनासाठी थाळीचा उपयोग होतो. धातूच्या थाळीवर मध्यभागी मेणाने एक काडी उभी चिकटवतात आणि ती ओल्या बोटांनी वरून खाली ओढतात. त्यातून निघणाऱ्या अखंड घुमाऱ्यावर भगत कथा गातो, साथीदार तिचे धृपद उचलतात. कणसरी ही धान्याची देवता. तिची कथा पीक घरात आल्यानंतरच्या विधीशी जोडलेली आहे. ती करमणुकीसाठी केव्हाही गाण्याची गोष्ट नव्हे. वारल्यांच्या लग्नातील गीते गाण्याचा मान धवलेरीचा. ती जाणत्या स्त्रियांची परंपरा आहे.

बोहाडा
जव्हार-मोखाडा परिसरातील बोहाडा हे या कथांचे सर्वांत नाट्यमय रूप होय. होळीनंतरच्या दिवसांत वेगवेगळ्या गावांत हा उत्सव रात्रभर चालतो. गणपती, सरस्वती आणि त्यानंतर रामायण-महाभारतातील व स्थानिक दैवतांची सोंगे मुखवटे धारण करून एकामागून एक येतात. मुखवट्यामुळे संवादांना वाव थोडा. सोंगाची ओळख पटते ती त्याच्या चालीवरून आणि संबळ-सनईच्या बदलत्या तालावरून. अखेरीस जगदंबा महिषासुराचा वध करते. अनेक गावांत अमुक सोंग अमुक घराण्याचे, असा वंशपरंपरागत मान असतो. त्यामुळे सोंग नाचविण्याची रीत आजोबांकडून नातवाकडे जाते, लिखित संहितेची गरज पडत नाही.

मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील सांगलीच्या 'सीतास्वयंवर'पासून मानला जातो. त्या नाटकांतही आरंभी गणपती व सरस्वती रंगमंचावर येत आणि सूत्रधार पद्यातून कथा पुढे नेत असे. पुण्यात १८८० मध्ये किर्लोस्करांचे 'शाकुंतल' उभे राहिले आणि संगीत नाटक शहरी झाले. पण गाऊन सांगायची आणि नाचून दाखवायची कथा ही रीत नाट्यगृहांपेक्षा जुनी आहे, हे बोहाडा पाहताना ध्यानात येते.

पिंगुळीची चित्रकथी
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथी जतन केली. एका कथेच्या चित्रांचा संच म्हणजे 'पोथी'. कागदावरील दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. मुख्य गायक एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरून प्रसंग गातो. वीणा, हुडूक आणि टाळ यांची साथ असते. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांचे खेळही याच समाजाने केले. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय असताना मंदिरांतून या कला नांदल्या. आश्रय सरला तशा त्या क्षीण झाल्या. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे रूपांतर 'ठाकर आदिवासी कला आंगण' या संग्रहालयात केले. त्यांना २०२१ मध्ये 'पद्मश्री' जाहीर झाली.

अशी जुनी चित्रे पाहण्यासाठी पुणेकरांना कोकणात जावे लागत नाही. शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती आहेत. पूर्वी त्यांना 'पैठण शैली'ची चित्रे म्हणत. क्वीन्स गार्डन परिसरातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. तेथेही आदिवासी कलावस्तूंचे संग्रहालय आहे. मात्र काचेआडच्या चित्राला आवाज नसतो. पोथी उरली आणि ती गाणारा गेला, तर कथेचा निम्मा भाग त्याच्याबरोबर जातो.

कायदा काय सांगतो?
येथेच खरा प्रश्न उभा राहतो. एखाद्या नाट्यसंस्थेने वृद्ध भगताची कथा ध्वनिमुद्रित केली आणि तिचे दीड तासाचे संगीत नाटक बसविले, तर ती कथा कोणाची? परंपरागत कथेला एक ज्ञात लेखक नसल्याने लेखकाचा स्वामित्वहक्क तिला सहसा लागू होत नाही. गाणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने 'सादरकर्त्यांचे हक्क' आले. ते ५० वर्षे टिकतात. संमतीविना केलेले मुद्रण, काही अपवाद वगळता, या हक्कांचा भंग ठरते. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आपले नाव दिले जाण्याचा नैतिक हक्कही मिळाला. परंतु तीच कथा दुसऱ्याने नव्याने गायिली, तर हा कायदा तोकडा पडतो. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तो कायदा वस्तूंसाठी आहे, कथागीतांसाठी नाही. म्हणजेच कायद्याची मर्यादा संपते तेथून रंगकर्मींच्या सचोटीची कसोटी सुरू होते.

परदेशातील उदाहरण
ऑस्ट्रेलियात या प्रश्नाचे एक उत्तर मूळनिवासी कलावंतांनीच दिले. गायिका व संगीतकार डेबोरा चीथम यांचा 'पिकन समर' हा ऑपेरा २०१० मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील मूरूप्ना येथे प्रथम सादर झाला. मूळनिवासींच्या कमेरागुंजा वसाहतीतील रहिवाशांनी १९३९ मध्ये अन्यायाविरुद्ध वसाहत सोडली, ती ही कथा. ऑपेराचे काम सुरू असताना चीथम यांना आपले आजी-आजोबाही त्या लोकांत होते, हे समजले. कथा सांगणारे आणि ती रंगमंचावर आणणारे एकाच समाजाचे असले, म्हणजे कथेची मालकी हरवत नाही, हा त्यातील धडा आहे.

आपल्याकडे काय करता येईल?
हडपसरमध्ये विठ्ठल तुपे नाट्यगृहासारखा रंगमंच उपलब्ध आहे, शाळा-महाविद्यालयांची संख्याही मोठी आहे. आदिवासी कथेवर काही बसवायचे झाल्यास पुढील पथ्ये पाळणे अवघड नाही. कथा सांगणाऱ्याची संमती आधी घ्यावी. ती रंगमंचावर आणण्यास योग्य आहे की केवळ विधीपुरती आहे, हे त्यालाच विचारावे. कार्यक्रमपत्रिकेत त्याचे, समाजाचे आणि गावाचे नाव छापावे. मानधन ठरवून द्यावे आणि मुद्रणाची एक प्रत गावाकडे पोचवावी. रात्रभराची कथा दीड तासात बसविताना धृपद आणि थाळीचा घुमारा तरी गाळू नये. कारण कथेचा अर्थ बराचसा त्यातच असतो.

आणि शक्य असेल तेथे आपल्या मुलांना पाने नेसवून नाचविण्यापेक्षा, ज्यांची ती कथा आहे त्यांनाच सन्मानाने रंगमंचावर बोलवावे. प्रेक्षकांत बसून ऐकणे, हाही सहभागच आहे.