अद्भुतरम्य कादंबरी, मराठी
प्रणयाचे सूत्र कायम राखून साहस, रहस्य व इतिहास अशा निरनिराळ्या प्रांतांत संचार करणारी, आणि किशोर-तरुणांचे वाचन असा वेगळा शिक्का न मारताही त्यांची वाचनाची भूक भागविणारी ही कादंबरी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (१८६१) मराठीत रुजली, बेळगाव मुलखातील जांबोटीचे रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या ‘मोचनगडा’ने (१८७१) तिला शिवकालीन किल्ल्याचा आसरा दिला. तिचा खरा अंमल मात्र नाथमाधवांनी (द्वारकानाथ माधव पितळे, १८८२–१९२८) बसविला. सिंहगडावरील अपघातात कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या या लेखकाने ‘वीरधवल’मध्ये (१९१३) कारस्थाने, संकटे व एकनिष्ठ प्रेम यांचे जे रसायन सिद्ध केले, त्यापुढे असंभाव्यतेचा आक्षेप, सर्वस्वी सयुक्तिक असूनही, तरुण वाचकांच्या दरबारी दाखलच झाला नाही. पुढे ना. सी. फडके यांनी प्रणय सुशिक्षित, महाविद्यालयीन वातावरणात नेला, तर भा. रा. भागवत यांच्या ‘फास्टर फेणे’ मालिकेने साहस तेवढे ठेवून प्रणयास रजा दिली. या वाटणीत सोळा-सतरा वर्षांच्या वाचकाच्या हिश्शास, प्रस्तुत लेखकाच्या मते, फारसे काही आले नाही.