परवान्याची सीमा आणि खाणीची भूमिती : गोव्यातील उघड्या लोहखनिज खाणकामाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

गोव्यातील खाण उद्योगाची चर्चा सामान्यतः निर्यातीचे अर्थकारण, पर्यावरणाची हानी आणि न्यायालयीन निवाडे या तीन अंगांनी केली जाते. उघड्या खाणीचे तंत्र काय आहे व त्या तंत्राला जागा किती लागते, हा प्रश्न अभियांत्रिकीचा मानून इतिहासाच्या अभ्यासकाने बाजूला ठेवावा, असा जणू संकेतच पडला आहे. प्रस्तुत लेखातील प्रतिपादन असे की, गोव्यात यंत्रे विसाव्या शतकाच्या मध्यास आली. परंतु ती ज्या भूखंडांवर चालली ते भूखंड यंत्रपूर्व काळातील कायद्याने आखलेले होते. पुढील संघर्षाचे एक महत्त्वाचे मूळ या विसंगतीत आहे.

उघड्या खाणीचे तत्त्व

भूपृष्ठाजवळचे खनिज काढताना भुयार खणण्याऐवजी वरचे आच्छादनच दूर केले जाते. त्यामुळे एक टन खनिजामागे किती टन माती हलवावी लागते, या गुणोत्तरावर खाण परवडते की नाही हे ठरते. गोव्यात हे प्रमाण साधारणतः एकास अडीच ते तीन असे राहिले आहे. म्हणजेच गोव्याची खाण ही प्रथम मातीची खाण आहे आणि नंतर लोखंडाची.

दुसरे तत्त्व उताराचे. खड्ड्याची भिंत उभी ठेवता येत नाही. ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावी लागते. या पायऱ्यांना खाणीच्या भाषेत बेंच म्हणतात. १९६१ च्या धातुखनिज खाण विनियमांनुसार भुसभुशीत जमिनीत बाजूंचा उतार ४५ अंशांपेक्षा तीव्र नसावा, अथवा पायरीची उंची दीड मीटरपेक्षा अधिक नसावी व रुंदी उंचीपेक्षा कमी नसावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. यंत्रांनी खोदताना अधिक उंचीसाठी स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. गोव्यातील खनिजावर जांभ्या दगडाचे कवच असते आणि त्याखालचे खनिज बरेचसे भुकटीसारखे असते. ते सुरुंगाशिवाय, बुलडोझरच्या फाळाने उकरता येते. पण जे सहज उकरते ते पावसात सहज ढासळतेही. उदाहरणादाखल, ६० मीटर खोल खड्ड्याचा एकंदर उतार ३० अंश ठेवला, तर तळापेक्षा माथा प्रत्येक बाजूस सुमारे १०४ मीटर बाहेर जातो. समोरासमोरच्या दोन बाजू मिळून दोनशे मीटरांहून अधिक रुंदी केवळ उतारासाठी खर्ची पडते. काढलेल्या मातीच्या ढिगांना जागा हवी ती वेगळीच.

परवाना आणि यंत्र

पोर्तुगीज राजवटीत १९०६ च्या फर्मानानुसार खाण परवाने दिले गेले. त्यांना मुदतीचे बंधन नव्हते. क्षेत्र मात्र लहान, बहुधा १०० हेक्टरांच्या आतले. कुदळ आणि टोपलीने डोंगरमाथ्यावरचे ढेकळी खनिज वेचण्यास ही जागा मुबलक होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद उद्योगास खनिजाची निकड भासली. १९५१ मध्ये जपानी कर्जातून शिरगावच्या खाणीसाठी यंत्रसामग्री आली आणि त्या कर्जाची फेड खनिजाने व्हावयाची होती. खोदणारे यंत्र, माल वाहणारे डंपर, मांडवी-जुवारीतून मुरगावकडे जाणाऱ्या बार्जी अशी साखळी उभी राहिली. १९५० मध्ये लाख टनांच्याही आत असलेली निर्यात १९६१ पर्यंत साठ लाख टनांच्या घरात गेली. १९७९ मध्ये मुरगाव बंदरात यांत्रिक खनिज-हाताळणी संयंत्र सुरू झाले आणि जहाजे भरण्याचा वेगही वाढला. या सर्व काळात परवान्याची रेषा मात्र जागची हलली नाही.

परिणाम अटळ होता. खड्डा परवान्याच्या हद्दीत आणि माती हद्दीबाहेर, शेजारच्या खासगी जमिनीवर वा डोंगरउतारावर, अशी रीतच पडली. गोव्याच्या पर्जन्यमानात असा ढीग जागेवर राहत नाही. तो ओढ्यातून शेतात उतरतो. दुसरीकडे, खड्डा भूजलपातळीच्या खाली गेल्यावर पाणी सतत उपसावे लागते. अनेक खड्डे तर समुद्रसपाटीखाली गेले. भोवतालच्या विहिरींचे पाणी ओढले गेल्याची तक्रार शिरगावसारख्या गावांतून पुढे आली.

यावरून सारा दोष भूमितीचा, असे म्हणता येणार नाही. २००५ नंतर चीनच्या मागणीमुळे कमी प्रतीच्या खनिजासही भाव आला आणि २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. तो वेग अभियांत्रिकीची गरज नव्हती, तो बाजाराचा लोभ होता. तथापि लोभाला वाट सापडली ती आधीच रूढ झालेल्या सीमोल्लंघनातून, हेही तितकेच खरे.

कायद्याची प्रतिक्रिया

१९८७ च्या अधिनियमाने जुने परवाने २० डिसेंबर १९६१ पासून रद्द ठरवून त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर केले. पण ते जुन्याच नकाशांसह. तंत्राच्या दृष्टीने ही एक गमावलेली संधी होती. राज्य सरकारने सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम स्थगित केले. २१ एप्रिल २०१४ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपल्याचे ठरविले. पट्ट्याबाहेर माती टाकण्यास कायद्यात आधार नाही, हेही त्याच निवाड्यात स्पष्ट झाले. विसाव्या शतकात रूढी म्हणून चाललेली गोष्ट अशा रीतीने बेकायदेशीर ठरली. फेब्रुवारी २०१८ मध्ये दुसरे नूतनीकरणही रद्द झाले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. ट्रकमालक, बार्ज कामगार व गॅरेजवाले यांच्या उपजीविकेवर त्याचा जो आघात झाला, त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

डिसेंबर २०२२ मध्ये लिलावासाठी पुढे आलेल्या पट्ट्यांत प्रथमच जुने तुकडे एकत्र करण्यात आले. डिचोलीचा गट सुमारे ४७८ हेक्टरांचा आहे. बेंच, उतार आणि ढीग या तिन्हींना हद्दीतच जागा मिळू शकेल, इतका तो मोठा आहे. परंतु सीमा विस्तारताच तिच्या आत वस्तीही आली. घरे, देवळे व शेते पट्ट्यातून वगळावीत, अशी मागणी मुळगावच्या ग्रामस्थांनी केली आहे.