चिपळूणच्या छावणीला गेलेले पत्र

मंडळी, कचेरीतला ई-मेल कसा लिहावा असे कोणी विचारले, की मी शिवाजी महाराजांचे एक पत्र पुढे करतो. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास ते चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांना गेले. पावसाळ्यासाठी साठविलेली दाणा-वैरण आताच उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग शिपाई कुणब्याचे दाणे, भाजी ओरबाडतील अन् रयतेला मोगल बरे वाटतील! म्हणजे हुकूम आहे, पण त्याचे कारणही आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल, गवत पेटेल, इथवर बारकावा. शिवाय बदनामी कोणाच्या माथी येईल, तेही स्पष्ट. आमच्या ई-मेलात मात्र ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ एवढेच. अहो, कोणी करायची? कधी? अन् कशासाठी?