नाताळाच्या सुमारास चिंचवडास आलेली इंग्रज प्रवासिनी

इ. स. १८०९ च्या डिसेंबरात, नाताळाच्या सुमारास, मरिया ग्रॅहॅम ही इंग्रज लेखिका मुंबईहून पुणे प्रांत पाहण्यास आली असता चिंचवडासही गेली. नदीकाठचा वाडा, ओसरीवर ठेंगण्या लाकडी आसनावर बसलेला बालवयीन 'देव' आणि निरोपाच्या वेळी त्याच्या हातून मिळालेले बदाम व खडीसाखर, यांचे वर्णन १८१२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या रोजनिशीत आढळते. तत्पूर्वी १८०० साली एडवर्ड मूर याने चिंचवडास भेट देऊन 'वंशपरंपरागत सजीव दैवत' म्हणून या गादीचा परिचय युरोपीय वाचकांस करून दिला होता.

'देव' या शब्दाचा ईश्वरवाचक अर्थ तेवढा या प्रवाशांच्या नजरेत भरला. परंपरेनुसार मात्र तुकारामांनी चिंतामणी गोसाव्यांस उद्देशून योजिलेला हा शब्द पुढे त्या घराण्याचे नाव होऊन बसला. श्रद्धा, उपाधी व कुलनाम या तिन्ही छटा त्यात एकवटल्या आहेत.

मुलास अफू देतात आणि संस्कृतखेरीज अन्य भाषा बोलू देत नाहीत, असेही ग्रॅहॅम लिहिते. परंतु तिचे संभाषण ब्राह्मण दुभाष्यामार्फत झाले होते. मुलाचे बोलणे तिला थेट कळणे शक्य नव्हते. शिवाय या घराण्याचे मूळपुरुष मोरया गोसावी यांची पदे मराठीत आहेत. अशा घरात मराठी वर्ज्य होती, हे विधान अन्य पुराव्यावाचून ग्राह्य धरता येत नाही.

ओसरी, आसन व खडीसाखर हे तिने पाहिलेले. अफू व भाषानिर्बंध हे ऐकलेले. चिंचवडच्या इतिहासासाठी ही रोजनिशी वापरताना हे दोन भाग वेगळे ठेवणे अगत्याचे आहे.