धुळ्याच्या तुरुंगातला आठवा रविवार

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, रविवार अठरा नि अध्यायही अठरा. १० एप्रिलचं आठवं प्रवचन मरणाच्या तयारीवर आहे. त्याचं नावच ‘प्रयाण-साधना’. पुढे पन्नास वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, पवनारला आजारी पडलेल्या विनोबांनी अन्न, पाणी, औषध सोडलं. मनधरण्या झाल्या, पण ते ढळले नाहीत. १५ नोव्हेंबरला ते गेले.

आमच्या जळगावच्या मेहरूणमध्येही जुन्या घरांत शेवट ओळखला जाई. माणसाला खाली घेत, तोंडात गंगाजळ नि तुळशीपत्र ठेवत. त्याला टाकून दिलं असं कुणी म्हणत नसे.

मी आयुष्यभर परिचारिका होते. म्हणून परिचारिकाच असलेली अरुणा शानबाग मला घरच्यासारखी वाटते. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच सफाई कामगारानं कुत्र्याच्या साखळीनं तिचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. पुढची एकेचाळीस वर्षं सिस्टरांनी तिला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. तिचं अन्न थांबवावं, अशी पत्रकार पिंकी विराणींची याचिका ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीनं उपचार थांबवता येतील, हा रस्ता त्याच निकालानं उघडला. १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं ती गेली.

त्या सिस्टरांची माया मी जाणते. पण अरुणाला काय हवं होतं, हे कुणालाच विचारता आलं नाही. विनोबा स्वतः सांगू शकले.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी रुग्णांची लेकरं मला विचारत, “सिस्टर, मशीन काढलं तर पाप लागेल का?” बरं होण्याची आशा संपली असेल, तर नाही लागणार. इंजेक्शन देऊन मारणं आजही गुन्हाच आहे. निव्वळ मरण लांबवणारा उपचार थांबवणं वेगळं. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मानला, आधी लिहून ठेवलेल्या इच्छेला मान्यता दिली. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं त्या कागदाला पुरतं. वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं खातरजमा करतात.

तेव्हा धडधाकट असतानाच आपली इच्छा लिहा, आपल्या वतीनं बोलणाऱ्याचं नाव घाला आणि लेकरांना समोर बसवून वाचून दाखवा. तो निर्णय त्यांच्या माथी मारू नका.