साठ मीटरांचा निकाल

जी शर्यत साडेसहा सेकंदांच्या आत संपली आणि जिचा अंतिम निकाल लागावयास अडीच वर्षे लागली, अशी शर्यत मैदानी खेळांच्या इतिहासात विरळाच. ती मार्च १९८७ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरी झाली. छपराखालील मैदानी खेळांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा या नावाने भरलेली ती पहिलीच स्पर्धा. तत्पूर्वी १९८५ साली पॅरिस येथे निराळ्या नावाने असाच एक मेळावा भरला होता, आणि तेथील साठ मीटरांची धाव कॅनडाच्या बेन जॉन्सनने जिंकली होती.

छपराखालच्या या स्पर्धा रूढ झाल्या त्या थंड देशांतील दीर्घ हिवाळ्यामुळे. आतील वाटोळी धावपट्टी दोनशे मीटरांची असते आणि सामान्यतः शंभर मीटरांची सरळ वाट तीत बसत नाही. म्हणून वेगाची कसोटी साठ मीटरांवर भागवतात. साठ मीटर म्हणजे आपल्याकडील आगगाडीच्या तीन डब्यांहूनही थोडे कमी अंतर! उघड्या मैदानावर शंभर मीटर धावणाऱ्याला आरंभीची दिरंगाई पुढे भरून काढता येते. येथे तेवढा अवकाशच नसतो. पिस्तुलाचा आवाज कानी पडताच जो ठोकळ्यांवरून आधी सुटला, त्याला गाठणे कर्मकठीण. वारा पाठीशी होता की तोंडावर, हा वादही येथे संभवत नाही.

आणि आरंभाच्या बाबतीत जॉन्सनला त्या काळी तोड नव्हती. जमेकात जन्मलेला व वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आत कॅनडात आलेला हा तरुण पट्टीवरून धावू लागत नसे, झेपच घेई. इंडियानापोलिसच्या हूझियर डोममध्ये, हवेच्या दाबावर तोललेल्या त्या अजस्र कापडी छपराखाली, त्याने साठ मीटर अंतर ६.४१ सेकंदांत तोडले. तो जागतिक उच्चांक ठरला. दुसरा आला अमेरिकेचा ली मॅक्रे, पिट्सबर्ग विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा धावपटू. त्याची वेळ ६.५० सेकंद. त्याच्यामागे त्याचाच देशबांधव मार्क विदरस्पून ६.५४ सेकंदांत आणि चौथा इटलीचा पिएरफ्रान्चेस्को पावोनी ६.५९ सेकंदांत. पहिल्या दोघांत नऊ शतांश सेकंदांचे अंतर पडले. त्या वेगात ते सुमारे एका मीटराइतके होते. इतक्या तोकड्या शर्यतीत एक मीटर म्हणजे सपशेल पराभवच.

पुढची हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. ऑगस्ट १९८७ मध्ये रोम येथे जॉन्सनने शंभर मीटर ९.८३ सेकंदांत धावून कार्ल लुइसला मागे टाकले. सप्टेंबर १९८८ मध्ये सोल ऑलिंपिकमध्ये ९.७९ सेकंदांची वेळ नोंदवली. आणि तीन दिवसांच्या आत, त्याच्या मूत्राच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड आढळल्याने, सुवर्णपदक परत घेण्यात आले. परंतु सोलच्या त्या चाचणीने इंडियानापोलिसची शर्यत बाधित होत नव्हती. १९८७ च्या चाचण्यांत जॉन्सन कोठेच सापडला नव्हता. नियमाप्रमाणे पाहता त्या वर्षीची त्याची प्रत्येक नोंद निष्कलंक होती.

ती बदलली एका न्यायाधीशासमोरील जबानीने. कॅनडा सरकारने न्यायमूर्ती चार्ल्स डबिन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. १९८९ साली टोरांटो येथे जॉन्सनचे प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांनी शपथेवर सांगितले, की आपला शिष्य १९८१ पासून ही औषधे घेत होता. इतर देशांचे धावपटू तेच करीत असता आपल्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, असा त्यांचा युक्तिवाद होता. जूनमध्ये जॉन्सननेही कबुली दिली. सप्टेंबर १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने कबुलीच्या आधारे जुने उच्चांक व पदे रद्द करण्याचा निर्णय घेतला, आणि ६.४१ हा आकडा पुस्तकातून पुसला गेला.

या निर्णयात एक विसंगती आहे, ती दृष्टिआड करता येत नाही. ज्याने खरे सांगितले त्याची नोंद गेली. जो गप्प राहिला असेल, त्याची तशीच राहिली. दोषी खेळाडूला पुढे कबुली देण्याचा मोह व्हावा, अशी ही तजवीज खचितच नव्हती. तथापि कबुली डोळ्यांसमोर असताना तोच आकडा छापत राहणे याहून अधिक लांच्छनास्पद झाले असते, आणि महासंघाने दोहोंतील कमी वाईट ते निवडले असेच म्हणावे लागेल. शिवाय प्रश्न एकट्या जॉन्सनचा नव्हता. त्याच्यामागून आलेल्यांचे देणे थकले होते.

त्या देण्याचा हिशेब मोठा विलक्षण निघाला. मॅक्रे विजेता ठरला, विदरस्पून दुसरा आणि व्यासपीठावर पायच न ठेवलेला पावोनी तिसरा. पण तेवढ्यावर भागले नाही. छपराखालील जागतिक उच्चांकांना महासंघाची मान्यता १९८७ च्या आरंभापासूनच मिळू लागली होती. जॉन्सनच्या नोंदी वगळताच मॅक्रेचे ६.५० सेकंद हाच जागतिक उच्चांक ठरला. म्हणजे त्या दिवशी हा तरुण सपशेल हरल्याच्या भावनेने परतला, आणि प्रत्यक्षात तोवर साठ मीटरांत अधिकृतपणे कोणीही धावला नव्हता इतक्या वेगाने तो धावला होता. हे त्याला, प्रेक्षकांना, घड्याळ लावणाऱ्यांना, कोणालाच ठाऊक नव्हते. उच्चांकवीर म्हणून त्याला उघडपणे मिरवता आले ते जेमतेम दीड वर्ष. फेब्रुवारी १९९१ मध्ये माद्रिद येथे लेरॉय बरेलने ६.४८ सेकंदांची नोंद केली.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९९२ मध्ये, त्याच माद्रिदमध्ये अमेरिकेचा आंद्रे केसन साठ मीटर धावला आणि नवा जागतिक उच्चांक जाहीर झाला. घड्याळावर आकडा होता ६.४१.