जहाजे गेली, वचन राहिले



किनाऱ्यावरच्या लहान गावांतल्या आपल्या मंडळ्यांचे दुःख आपण जाणतो. बंदर ओस पडते, मुले नोकरीसाठी शहराकडे जातात, आणि उपासनेच्या वेळी मागचे बाक रिकामे दिसतात. आता इथे काय उरले, असे वाटू लागते. अशा वेळी सुरतेचा इतिहास आपल्याला धीर देतो.

आज सुरत मोठे शहर आहे. आपल्या खानदेशातली कितीतरी कुटुंबे पोटासाठी तिथे गेली आहेत. सतराव्या शतकात तर ते मोगलांचे मुख्य बंदर होते. तापीच्या मुखाजवळ सुवालीला जहाजे नांगर टाकीत. 1613 च्या सुमारास इंग्रजांची वखार झाली; डच, फ्रेंच, आर्मेनियनही आले. म्हणजे ख्रिस्ती लोक तिथे होते. पण वखारीतल्या प्रार्थना वखारीच्या भाषेत होत. रस्त्यावरच्या गुजराती माणसाला त्या कळत नव्हत्या.

1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. विरजी व्होरा या बड्या सावकाराचे घर वाचले नाही. पण कापुचिन फादर अँब्रोज यांच्या घराला महाराजांनी धक्का लागू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो. धनाने घर वाचले नाही, चांगल्या नावाने वाचले.

पुढे सुरतेचे दिवस फिरले. नदीचे मुख गाळाने भरत गेले. 1687 मध्ये इंग्रजांनी आपले मुख्य ठाणे मुंबईला नेले. 1837 च्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे जळाली आणि त्याच वर्षी तापीला महापूर आला. अनेक पारशी व हिंदू व्यापारी मुंबईला निघून गेले.

पण देवाचे काम पाहा! याच उतरत्या काळात, 1815 मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फायवी सुरतेत आले. ते लोकांची भाषा शिकले आणि 1823 पर्यंत संपूर्ण पवित्र शास्त्राचे गुजराती भाषांतर पूर्ण झाले. भरभराटीच्या दोनशे वर्षांत जे झाले नाही, ते पडत्या काळात दोन सेवकांच्या हातून घडले. पुढे आयरिश प्रेसबिटेरियन मिशनने हे काम हाती घेतले. आजही गुजराती मंडळ्या आपल्या भाषेत वचन वाचतात.

पवित्र शास्त्रातही असेच एक बंदर आहे. सोर नगराच्या व्यापाराचे वैभव आणि त्याचा नाश यहेज्केलाने सांगितला. तिथे कोळी जाळी पसरतील, असेही तो म्हणाला. पण प्रेषितांची कृत्ये, अध्याय 21 वाचा. त्याच सोरात पौलाला शिष्य भेटले. सात दिवसांनी त्याला निरोप द्यायला बायकामुलांसह सारे गावाबाहेर आले आणि समुद्रकिनारी गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली. गर्विष्ठ सोर गेले, गुडघे टेकणारी मंडळी उरली.

म्हणून, प्रियजनहो, मंडळीचे मोल भरलेल्या बाकांवरून ठरवू नका. या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या: बाहेरगावी गेलेल्या आपल्या मुलांची नावे घेऊन प्रार्थना करू, आणि मागे राहिलेल्या एखाद्या शेजाऱ्याला त्याच्या भाषेत सुवार्ता सांगू. बाकीचे प्रभू पाहून घेईल. आमेन.